आईचं नाक आणि लॉबीतली नळी

रात्री दीड-दोनला क्वार्टरची कडी वाजायची. कॉलबॉय, म्हणजे ड्रायव्हरला ड्युटीवर बोलवायला येणारा रेल्वेचा माणूस. सायकल कुंपणाला टेकवलेली, बगलेत कॉल बुक, हातात बॅटरी, आणि आवाज एकदम हळू, कारण शेजारच्या क्वार्टरमधला ड्रायव्हर नुकताच लाइनवरून येऊन झोपलाय हे त्यालाही माहीत असायचं. "अण्णा, साडेतीनची मालगाडी, सही करा." अण्णा, म्हणजे माझे वडील, डोळे चोळत सही करायचे, आई गॅस पेटवायची. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये जे वाढलेत त्यांना हे सगळं वेगळं सांगायला नको, त्यांच्या झोपेत ती कडी अजून वाजत असेल.

तासाभरात अण्णा तयार. डब्यात भाकरी, कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. लाइन बॉक्स, म्हणजे ड्रायव्हरची सामानाची पेटी, दारात. आणि मग आई दारापाशी यायची, अण्णांच्या हातात रुमाल द्यायची, त्यांची कॉलर सारखी करायची आणि कॉलर सारखी करता करता चेहरा त्यांच्या तोंडाजवळ न्यायची. एक क्षणभर. मी गोधडीतून बघायचे. लहानपणी मला वाटायचं की हे प्रेम आहे, म्हणजे ते होतंच, पण ती वास घेत होती हे मला नववी-दहावीत कळलं.

अण्णा प्यायचे. रोज नाही, आणि आरडाओरडा करणारे तर अजिबातच नाही, गप्प बसून प्यायचे आणि गप्प झोपायचे. पण मालगाडीच्या ड्रायव्हरच्या ड्युटीला वेळ नसते, कॉल कधी येईल सांगता येत नाही, संध्याकाळी वाटतं की आता उद्या दुपारपर्यंत काही नाही आणि दोन पेग झाल्यावर रात्री कडी वाजते. एका रात्री आईनं कॉलर सारखी केली आणि ती दारातून हललीच नाही. "अहो, आज जाऊ नका." अण्णा म्हणाले, बाजूला हो. ती नाही झाली. बराच वेळ दोघं तसेच उभे, कुणी आवाज चढवला नाही, मग अण्णांनी लाइन बॉक्स खाली ठेवला, निरोप पाठवला की पोटात दुखतंय, सिक करतोय, आणि बुटासकट खाटेवर बसून राहिले. सकाळी घरात कुणीच काही बोललं नाही. आईनं नेहमीसारखा चहा दिला.

अण्णा रिटायर झाल्यावर कितीतरी वर्षांनी आई मला एक गोष्ट म्हणाली. "एकदा मला कळलं होतं गं, आणि मी जाऊ दिलं होतं." महिनाअखेर होती, आधीच दोनदा सिक झालेलं, सिक म्हणजे मायलेज, गाडी चालवल्याचा भत्ता, बुडणार, आणि माझी कॉलेजची फी भरायची होती. त्या रात्री गाडी पोचल्याचं कळेपर्यंत ती देवापुढे बसून होती, समईत तीनदा तेल घातलं म्हणाली. मी नर्स आहे, वीस वर्षं आयसीयूमध्ये काढलीत, पुष्कळ ऐकलंय, पुष्कळ पाहिलंय, पण आईचं ते वाक्य ऐकून माझ्या हातापायातलं त्राण गेलं. कारण मालगाडी म्हणजे काय ते मला माहितीये. अठ्ठावन्न वाघिणी, कोळशासकट चार-पाच हजार टन वजन, ब्रेक लावल्यावर थांबायला किलोमीटरभर तरी लागतं. आणि या सगळ्याच्या सुरक्षेची तपासणी त्या काळी आमच्या घरात एका बाईच्या नाकावर चालायची, जिला महिनाअखेरीची चिंता पण होती.

म्हणून लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर ड्युटीची हजेरी लावतात तिथे, जेव्हा फुंक मारायचं मशीन आलं तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला असेल तर आईला. अण्णा चिडले होते. सगळेच चिडले होते, पंचवीस-तीस वर्षं गाडी चालवणारे ड्रायव्हर, ज्यांचं नाव सिग्नल मोडल्याच्या कागदावर एकदाही आलं नाही अशी माणसं, त्यांना आता साइन ऑन करताना पोरासोरांच्या समोर नळी तोंडात धरून फुंकायचं, आणि गाडी पोचवल्यावर साइन ऑफला परत फुंकायचं. "चोर समजतात काय आम्हाला?" हे वाक्य त्या वर्षी आमच्या लाइनीत प्रत्येक ओट्यावर ऐकू यायचं. मला अण्णांचा राग समजत होता. पण एक बदल मी डोळ्यांनी पाहिला. आई दारात यायची बंद झाली. ती आता डबा स्वयंपाकघरातूनच द्यायची, तिथूनच "सावकाश जा" म्हणायची आणि झोपायला जायची. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा अण्णा गेल्यावर झोपायला लागली.

अण्णांची सुटली नाही, पण कॉल येऊ शकतो अशा दिवशी बंद झाली. फुंकणीला घाबरून म्हणा किंवा नोकरीला घाबरून म्हणा, मला कारणाशी घेणं नाही.

हे सगळं आधी सांगितलं कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटू नये की मी टेस्टिंगच्या विरोधात आहे. मी नाहीये. ज्याच्या हातात दुसऱ्यांचे जीव आहेत त्यानं कामावर येताना फुंक मारलीच पाहिजे, ट्रेन असो, एसटी असो, विमान असो, क्रेन असो. "माझ्यावर विश्वास नाही का" हा प्रश्न मला पटत नाही, कारण गाडीत मागे बसलेल्या माणसाला विश्वास ठेवायचा की नाही हे निवडताच येत नाही, तो तिकीट काढून झोपलेला असतो. पण टेस्ट असणं ही एक गोष्ट आणि ती न्यायानं होणं ही दुसरी, आणि ती दुसरी गोष्ट मला कळली माझ्या मामेभावामुळे.

मामेभाऊ हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, चालवतो. एका कारखान्यात ठेकेदाराकडून लागला होता, नाव नाही सांगत कारखान्याचं. लोखंडी प्लेटा, पाइप, टाक्या उचलायच्या, खाली माणसं काम करतायत, म्हणजे अगदी जोखमीचं काम, टेस्ट हवीच. गेटवर सिक्युरिटीवाला मशीन घेऊन उभा. सकाळी सहाची फर्स्ट शिफ्ट, हा पावणेसहाला पोचला, घसा धरला होता म्हणून गेटबाहेरच खिशातल्या होमिओपॅथीच्या बाटलीतले चार-पाच थेंब जिभेवर घेतले आणि रांगेत लागला. दोन मिनिटांत नंबर आला. फुंकला. मशीन वाजलं, लाल.

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. त्यानं सांगितलं की औषध घेतलंय, बाटली दाखवली. सिक्युरिटीवाल्यानं ऐकलं नाही, त्याच्याकडे ऐकायचा अधिकारच नव्हता, वहीत नाव लिहायचं आणि गेटपास काढून घ्यायचा एवढंच त्याला सांगितलेलं. टाइम ऑफिसनं ठेकेदाराला फोन केला, ठेकेदारानं सांगितलं उद्यापासून येऊ नको, कारण ठेकेदाराला एका माणसासाठी कंपनीशी वाकडं घ्यायचं नव्हतं. आणि याच गेटवर पर्मनंट माणसाचं मशीन वाजलं तर त्याला आत नेऊन बसवायचे, चूळ भरायला लावायचे, थोड्या वेळानं परत फुंकायला द्यायचे, हे मामेभावानं स्वतः दोनदा बघितलेलं. साहेब लोकांच्या गाड्या तर दुसऱ्या गेटनं जायच्या, तिथे मशीनच नव्हतं.

तो तसाच मोटरसायकल काढून शहरातल्या लॅबवर गेला, लॅब नऊला उघडली, स्वतःच्या खिशातून पैसे भरून रक्त दिलं. रिपोर्ट आला, अल्कोहोल नाही. तो कागद घेऊन परत गेटवर गेला तर म्हणाले, तीन तासांनी काय, तोपर्यंत उतरली असेल. आता याला उत्तर काय देणार? नर्स म्हणून मला माहिती आहे की रक्तातलं अल्कोहोल साधारण तासाला शंभर मिलिलिटरमागे पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास कमी होतं, म्हणजे थोडी घेतली असेल तर तीन तासांत खरंच उतरू शकते. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. चूक ही होती की पहिल्या लाल दिव्यानंतर वीस मिनिटं थांबायची त्यांनी तसदी घेतली नाही, आणि त्या वीस मिनिटांत जे सहज कळलं असतं ते नंतर जगातली कुठलीच लॅब सांगू शकत नव्हती.

हे मशीन काय करतं ते जरा सांगते, कारण बहुतेकांना वाटतं की ते दारू ओळखतं. ते श्वासातलं अल्कोहोल मोजतं. चांगल्या मशीनमध्ये एक छोटा सेल असतो, अल्कोहोलची वाफ त्यावर आली की बारीक करंट तयार होतो आणि त्या करंटवरून आकडा निघतो. फुफ्फुसातून खोल श्वास आला तर तो रक्ताचा हिशोब सांगतो, पण तोंडातच अल्कोहोल असेल, म्हणजे माउथवॉश, होमिओपॅथीचे थेंब, कफ सिरप, आपली आसवं-अरिष्टं, तर मशीनला ते कुठून आलं हे कळायला मार्ग नाही. दशमूलारिष्ट, द्राक्षासव, अशोकारिष्ट, ही औषधं आंबवूनच करतात, त्यात अल्कोहोल आपसूक तयार होतं, आणि आपल्याकडे बाळंतिणीपासून म्हाताऱ्यापर्यंत घराघरात ती घेतली जातात. पण तोंडातलं हे अल्कोहोल टिकत नाही, पंधरा-वीस मिनिटांत उडून जातं. म्हणून उपाय इतका साधा आहे की सांगताना वाईट वाटतं: चूळ भरा, वीस मिनिटं बसा, परत फुंका. प्यायलेला असेल तर आकडा तिथेच राहील, नसेल तर शून्य.

आणि ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही, आपल्याच देशात वैमानिकांसाठी हा नियम लिहिलेला आहे. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्याच्या नियमात फ्लाइटच्या आधी बारा तास दारू नाही, ब्रेथ ॲनालायझर पॉझिटिव्ह आला तर पंधरा ते वीस मिनिटांनी दुसरी टेस्ट, मधल्या वेळात तोंड धुवायची, चूळ भरायची मुभा, आणि दुसऱ्या टेस्टआधी मशीन ठीक आहे ना हे पण बघायचं. मग मात्र दयामाया नाही, पहिल्यांदा सापडला तर तीन महिने लायसन्स सस्पेंड, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. मला हे पटतं. शिक्षा कडक आहे, पण आधी खात्री केलीये. म्हणजे कॅप्टनला वीस मिनिटं मिळतात आणि हायड्रावाल्याला मिळत नाहीत, मशीन तेच, श्वास तोच, फरक गेटपासच्या रंगाचा.

मामेभाऊ कधी पीत नव्हता असं नाही. हे लपवायचं कारण नाही. लग्नात, पोळ्याला, मित्र जमले की घ्यायचा, गावात सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. "सापडला म्हणे पिऊन," एवढंच फिरलं. मामी दोन महिने भजनाला गेली नाही. मला इथे फार वाटतं की जो कधीच पीत नाही त्याच्यासाठी भांडायला सगळे तयार असतात, पण जो रविवारी पितो त्याला सोमवारी सकाळी खरी टेस्ट मिळायचा हक्क तेवढाच आहे, उलट त्यालाच जास्त गरज आहे, कारण त्याच्या शब्दाला किंमत उरलेली नसते आणि मशीन हाच त्याचा एकमेव साक्षीदार असतो. १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात म्हटलंय की नुसता तोंडाला वास आला, चाल डळमळीत होती, एवढ्यावरून माणूस दारू प्यायला होता असं धरता येत नाही. आईच्या नाकाला घरात मान होता, पण नोकरी घालवायची असेल तर नाकापेक्षा पक्कं काहीतरी लागतं. आणि अर्धवट वापरलेलं मशीन हे नाकापेक्षा वाईट, कारण नाकाशी वाद घालता येतो, आकड्याशी घालता येत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दक्षिण रेल्वेच्या तिरुवनंतपुरम डिव्हिजननं एक आदेश काढला होता, लोको पायलटनी ड्युटीआधी आणि ड्युटीवर नारळपाणी, काही प्रकारची केळी, कफ सिरप, कोल्ड्रिंक, माउथवॉश, होमिओपॅथीची औषधं घ्यायची नाहीत. कारण काय, तर फुंकल्यावर मशीन लाल दाखवतं आणि नंतर रक्तात काही निघत नाही, असे प्रकार होत होते. बोंब झाली, काही दिवसांत आदेश मागे घेतला. अण्णांनी ती बातमी मला मोठ्यानं वाचून दाखवली होती. आमच्या जळगाव जिल्ह्यात केळी म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही, रावेर-यावलकडे नजर जाईल तिथवर बागा, अण्णांच्या डब्याबरोबर आयुष्यभर दोन केळी असायची, रात्री उशिरा कुठल्यातरी लूप लाइनवर गाडी अडकली की तेच जेवण. पिकलेल्या फळात अल्कोहोलचा अंश असतो हे खरंय, अगदी नखाएवढा. पण मशीन चुकतंय तर मशीन वापरायची पद्धत नीट करायची की माणसाच्या तोंडातलं केळं काढून घ्यायचं? अण्णा पेपर घडी करून म्हणाले, "वीस मिनिटं थांबायला काय जातं यांचं?" ज्या माणसानं मशीन आलं तेव्हा सगळ्यात जास्त शिव्या घातल्या होत्या त्याला हा उपाय माहीत होता.

दारूचं निदान एवढं बरं आहे की ती आत्ता आहे की नाही हे कळतं. ड्रग्जच्या लघवीच्या टेस्टमध्ये तेही नाही. गांजाचा अंश नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडे निघू शकतो, नशा मात्र काही तासांत उतरलेली असते, म्हणजे टेस्ट सांगते की या माणसानं कधीतरी ओढला होता, आज तो गाडी चालवायला ठीक आहे की नाही हे नाही सांगत. ३१ जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे वैमानिक आणि एअर ट्रॅफिक कंट्रोलर यांच्यातल्या दहा टक्के लोकांची दरवर्षी अचानक ड्रग टेस्ट होते, त्यात अफूच्या जातीचे पदार्थ पण तपासतात. आता खसखस ही अफूचंच बी. दिवाळीत आपण अनारसे खसखशीवर थापतो, खीर करतो, वाटणात घालतो. खसखस खाल्लेल्या माणसाच्या लघवीत मॉर्फिनचा अंश निघू शकतो हे जुनं माहीत असलेलं आहे, अमेरिकेत १९९८ मध्ये याच कारणानं सरकारी नियमातली मर्यादा ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. कुणाच्यातरी दिवाळीच्या ताटामुळे त्याचं लायसन्स जाऊ नये एवढी अक्कल नियमात घालता येते, आणि ती कुणीतरी भांडल्याशिवाय घातली जात नाही.

अमेरिकेचं आणखी एक सांगण्यासारखं आहे. ४ जानेवारी १९८७ ला मेरिलँडमध्ये चेस नावाच्या जागी तीन इंजिनं सिग्नल मोडून पुढे आली आणि मागून येणारी पॅसेंजर गाडी त्यांच्यावर आदळली, सोळा माणसं गेली. इंजिन चालवणाऱ्यानं गांजा ओढलेला होता. त्यानंतर तिथे १९९१ मध्ये कायदा झाला आणि ट्रेन, ट्रक, विमान, सगळीकडे टेस्ट सक्तीची झाली. कडक कायदा, पण त्यात एक गोष्ट मला नर्स म्हणून फार आवडते: लघवीचं सँपल दोन बाटल्यांत विभागतात. एक तपासतात, दुसरी सील करून ठेवतात. पॉझिटिव्ह आलं तर मालकाला कळवण्याआधी एक डॉक्टर त्या माणसाशी बोलतो, काही औषध घेतलंय का विचारतो, आणि माणूस बहात्तर तासांत म्हणू शकतो की माझी दुसरी बाटली दुसऱ्या लॅबमध्ये तपासा. माझ्या मामेभावाची दुसरी बाटली कुठे होती? त्याच्याशी बोलणारा डॉक्टर कुठे होता?

आता माझं सांगते, कारण हे लिहिताना मला सारखं वाटत होतं की मी कोणत्या तोंडानं लिहितेय. मला वीस वर्षांत कामावर जाताना कुणीही फुंक मारायला लावलेली नाही. ज्यांनी माझ्या शेजारी उभं राहून ऑपरेशन केली त्या डॉक्टरांनाही नाही. आमच्या हातात जीव नसतात का?

काही वर्षांपूर्वीची रात्र. डबल ड्युटी होती, दुपारची करून रात्रीला थांबले होते कारण रिलिव्हर आली नव्हती. पहाटे चारचा सुमार. आयसीयूत पहाटे चारला एक वेगळीच शांतता असते, मॉनिटरचे आवाज असतात पण ते ऐकू यायचे बंद होतात. मला एका पेशंटची लाइन फ्लश करायची होती. ट्रेमध्ये हात घातला, अँप्यूल घेतली, मान मोडली, सिरिंजमध्ये औषध ओढायला घेतलं. आणि ओढता ओढता लेबल मोठ्यानं वाचलं. पोटॅशियम क्लोराइड. सलाईनच्या खणात कुणीतरी केसीएलची अँप्यूल ठेवली होती, दिसायला तशीच पारदर्शक, तेवढीच. ते सरळ शिरेत गेलं असतं तर पेशंटचं हृदय थांबलं असतं. मी दोनदा ते लेबल डोळ्यांनी बघितलं होतं, मला आठवतंय बघितल्याचं, आणि दोन्ही वेळा डोळ्यांनी मला सलाईनच दाखवलं. कानानं वाचवलं.

मोठ्यानं वाचायची सवय अण्णांची. इंजिनात लोको पायलट आणि असिस्टंट प्रत्येक सिग्नल एकमेकांना पुकारून सांगतात, हात करून, मोठ्यानं, एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं परत म्हणायचं, रोज तोच सिग्नल असला तरी. नर्सिंगला गेले तेव्हा अण्णा म्हणाले होते, "औषध देताना पुकारत जा. डोळा झोपतो, माणूस जागा असला तरी."

त्या पहाटे मला फुंकायला लावलं असतं तर आकडा शून्य आला असता. मी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या दोघांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सतरा तास सलग जागलेल्या माणसाचा हात आणि नजर रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी चालते असं निघालं, आणि चोवीस तास जागं राहिलं तर ०.१० टक्के असल्यासारखी. आपल्या मोटर वाहन कायद्याच्या १८५ कलमात मर्यादा आहे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. नीट बघा हे आकडे. सतरा तास जागा असलेला माणूस कायद्यानं प्यायलेल्या माणसापेक्षा वाईट अवस्थेत गाडी चालवत असू शकतो आणि त्याला कुठल्याच गेटवर, कुठल्याच लॉबीत, कुठल्याच मशीननं अडवायची सोय नाही. मी त्या रात्री वीस तासांच्या वर जागी होते.

अण्णांची झोप हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा विषय होता. ते लाइनवरून सकाळी यायचे आणि दिवसा झोपायचे, भुसावळचा मे महिना, पत्रा तापलेला, कूलर नुसती गरम हवा फेकतोय, बाहेर आम्ही पोरं, भाजीवाला, भंगारवाला, लग्नाचा बँड. आई आम्हाला तोंडावर बोट ठेवून ठेवून थकायची. इंजिनात एक यंत्र असतं, ड्रायव्हरनं साठ सेकंद काहीच हालचाल केली नाही तर दिवा लागतो, मग आवाज, मग आपोआप ब्रेक. अण्णा म्हणायचे, अर्ध्या झोपेतसुद्धा हात सवयीनं ते बटण दाबतो. दारूबद्दल त्यांनी माझ्याशी कधी बोलणं केलं नाही, पण झोपेबद्दल बोलायचे. म्हणायचे, पिऊन गाडी नेली ती एकदा की दोनदा, त्याची लाज आहे, पण झोपेत नेली ती किती वेळा, मोजलं नाही, आणि त्याची लाज कुणाला वाटायला हवी ते मला कळत नाही.

२५ जानेवारी २०१२ ला सकाळी पुण्यात स्वारगेट डेपोतून एका एसटी ड्रायव्हरनं बस पळवली आणि रस्त्यावरच्या माणसांना चिरडत नेली, नऊ जण गेले. पुण्यातल्या माणसाला ती सकाळ अजून आठवते. कोर्टात आलं की रात्रीची ड्युटी बदलून मागितली होती आणि ती मिळाली नव्हती. जे झालं त्याला कसलंही समर्थन नाही, आणि शिक्षा झाली ती योग्यच. मी एवढंच म्हणते की नळी दारूचा एक प्रश्न विचारते, आणि त्या उत्तरावर आपण अख्खा माणूस पास करून टाकतो. डोकं ठिकाणावर आहे का, झोप झालीये का, घरात मयत झालंय का, हे विचारायला माणूस लागतो, आणि उत्तर "नाही" आलं तर त्याचा पगार न कापता त्याला घरी पाठवायची तयारी लागते. हे दुसरं अवघड आहे, कारण इथे खर्च मालकाचा होतो. नळीत सगळा खर्च फुंकणाऱ्याचा.

मला टेस्ट हवी आहे कारण मी आईला समईत तेल घालताना डोळ्यांपुढे आणू शकते. पण ज्या गेटवर टेस्ट असेल तिथे साहेबाच्या गाडीची काच पण खाली आली पाहिजे, लाल दिव्यानंतर चूळ आणि वीस मिनिटं प्रत्येकाला मिळाली पाहिजेत, मग तो ठेकेदाराचा असो की कंपनीचा, आणि जो माणूस स्वतःहून येऊन सांगेल की आज मी ठीक नाही, त्याला त्या दिवसाचा पगार मिळाला पाहिजे. अण्णांनी त्या रात्री पोटदुखीचं खोटं कारण दिलं. खरं सांगायची सोय असती तर कदाचित महिनाअखेरीच्या त्या दुसऱ्या रात्री आईनं त्यांना जाऊच दिलं नसतं.

मामेभाऊ आता दुसरीकडे लागलाय, तिथेही ठेकेदाराकडूनच, तिथेही गेटवर नळी. मागच्या महिन्यात मामाकडे गेले होते तेव्हा पहाटे त्याच्याबरोबरच निघाले, मला स्टँडवर सोडून तो पुढे जाणार होता. पण आधी गेटजवळच्या टपरीपाशी थांबला. सव्वापाच वाजले होते. मागच्या नळावर जाऊन त्यानं तीनदा चूळ भरली, बोटानं जीभ घासली, आणि मग काहीही न खाता-पिता नुसता उभा राहिला. चहा घेऊ म्हटलं तर म्हणाला, "नको ताई, फुंकल्यावर घेतो." रोज असा वीस मिनिटं उभा राहतो. डोळे लाल होते. मी विचारलं, झोपला नाहीस का, तर म्हणाला पोरीला ताप होता, रात्रभर मांडीवर होती, तासभर डोळा लागला असेल. मी म्हटलं आज जाऊ नको. त्यानं माझ्याकडे बघितलं, घड्याळ बघितलं, आणि गाडीची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, स्टँडवर लावून ठेव, संध्याकाळी घेतो, मी चालत जातो आत, म्हणजे जरा झोप उडेल.

मी टपरीपाशी उभी राहून बघत होते. रांग पुढे सरकली, त्याचा नंबर आला, त्यानं मान वर करून लांब फुंक मारली. हिरवा दिवा लागला. सिक्युरिटीवाल्यानं हात केला आणि तो आत गेला.